शिकारी उपाशी राहत नाही तेव्हा

ऑगस्ट २०२१च्या अखेरीस पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. पावसाळी बंदी उठून जेमतेम महिना झाला होता. देशभरच्या वाहिन्यांनी ही बातमी लॉटरी लागल्यासारखी सांगितली. ज्या घरात ते पैसे आले, त्या घराचा आनंद मला समजतो. खोल दर्यात जाणाऱ्याच्या वाट्याला असा दिवस क्वचितच येतो. पण त्या किमतीकडे नीट पाहायला हवं होतं, ते राहून गेलं. घोळ मासा चवीसाठी एवढा महाग नाही. त्याच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, चीन आणि हाँगकाँगच्या बाजारात प्रचंड मागणी आहे, आणि मासा जितका दुर्मीळ होतो तितका बोताचा भाव चढतो. सजीवांची संख्या कशाने वाढते आणि कशाने रोखली जाते, याचा एक जुना नियम आहे. मुरब्याच्या घोळीचा भाव त्या नियमाच्या बरोबर उलट दिशेने चालतो. सातपाटीपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर मासळीचं काय होतं आहे, ते कळायला हीच उलटी चाल आधी समजून घ्यावी लागते.

माल्थसने १७९८ साली लिहिलं की माणसं पटीपटीने वाढतात आणि अन्न तसं वाढत नाही. चाळीस वर्षांनी, १८३८ साली, बेल्जियमच्या फेरहुल्स्टने या विचाराला समीकरणात बसवलं. संख्या थोडी असते तेव्हा प्रत्येक जीवामागे वाढ जास्त होते. जागा आणि अन्न भरत आलं की ती मंदावते. आणि परिसर जेवढ्यांना पोसू शकतो तेवढी संख्या झाली की थांबते. त्या मर्यादेला आपण धारणक्षमता म्हणतो. या समीकरणात मासेमारीसाठी एक मोठी आश्वासक गोष्ट दडलेली आहे. संख्या धारणक्षमतेच्या साधारण निम्म्यावर असते तेव्हा दरवर्षी सर्वांत जास्त नव्या जीवांची भर पडते. म्हणजे मूळ साठ्यातला काही भाग काढून घेतला तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, ते जोमाने वाढतात आणि तूट भरून निघते. मासेमारी म्हणजे मुळातच निसर्गाची लूट, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मर्यादेत राहून केलेली मासेमारी समुद्र शेकडो वर्षं सोसतो, आणि आपल्या किनाऱ्याने ती सोसलेलीही आहे.

प्रश्न त्या मर्यादेचा आहे. ती कोण घालतं?

याचं सर्वांत सुंदर उत्तर माशांच्या बाजारातूनच मिळालं. पहिलं महायुद्ध संपल्यावर उम्बेर्तो दांकोना हा इटालियन जीवशास्त्रज्ञ त्रिएस्ते, फियुमे आणि व्हेनिसच्या मासळीबाजारांचे जुने आकडे तपासत होता. युद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात बोटी कमी गेल्या होत्या, तेव्हा सगळीच मासळी सारख्या प्रमाणात वाढायला हवी होती. आकडे वेगळंच सांगत होते. बाजारात आलेल्या मासळीत मुशीसारख्या शिकारी माशांचा वाटा युद्धात वाढला होता. त्याने हे कोडं विटो व्होल्टेरा या गणितज्ञापुढे ठेवलं. १९२६ साली व्होल्टेराने भक्ष्य आणि भक्षक यांची दोन जोडसमीकरणं मांडली; अमेरिकेत लोटका स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. त्या गणिताचा गाभा असा: भक्ष्य वाढलं की भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटतं, आणि भक्ष्य घटलं की भक्षक उपाशी मरतो. तो मेला की भक्ष्याला पुन्हा उसंत मिळते. लहान मासळीला वाचवणारी गोष्ट दया नव्हे, मुशीची भूक आहे. शिकार कमी झाली की शिकारी खंगतो, आणि तो खंगल्यामुळेच शिकार उरते.

आता ट्रॉलर घ्या. मासळी घटली की ट्रॉलर खंगतो का? खंगला असता तर पापलेट, घोळ, दाढा आपोआप सावरले असते. पण घटलेल्या मासळीचा भाव चढतो, आणि निम्म्या पापलेटाला दुप्पट दर मिळाला तर बोट तेवढ्याच उत्साहाने पुन्हा समुद्रात जाते. पापलेट नाही मिळालं तर कोळंबी असते, माकूळ असतं, खतात आणि माशांच्या खाद्यात जाणारी बारीक कुटी मासळीही असते. पापलेट जवळपास दिसेनासं झालं तरी इतर मासळीवर बोटीचं इंधन निघतं, आणि जाता जाता उरलेलं पापलेटही जाळ्यात येतं. शिवाय बोटीवर कर्ज असतं. कर्जाचा हप्ता मासळीच्या संख्येकडे पाहून थांबत नाही. उलट पकड कमी झाली की तो फेडायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मासळी कमी होते तेव्हाच शिकारीचा जोर वाढतो, असा हा गुण निसर्गातल्या कुठल्याच भक्षकाला नव्हता.

दुर्मीळतेमुळे भाव चढणं आणि भाव चढल्यामुळे आणखी शिकार होणं, हे चक्र फ्रांक कुर्शां आणि सहकाऱ्यांनी २००६ साली गणिताने मांडून दाखवलं. एरवी कुठलीही जात फार विरळ झाली की तिला शोधण्याचा खर्च परवडत नाही आणि शेवटचे काही जीव सुटतात. भाव खर्चाच्या पुढे पळत राहिला तर ते शेवटचेही सुटत नाहीत. चीनच्या किनाऱ्यावर घोळीच्याच कुळातला बहाबा नावाचा प्रचंड मोठा मासा होता. त्याच्या बोतासाठी इतकी मारामारी झाली की तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. एक मादी लाखो अंडी घालते म्हणून असा मासा संपूच शकत नाही, ही समजूत बहाबाने खोटी ठरवली. मुरब्याच्या घोळीवर ज्या बाजाराने कोटीचा भाव ठेवला, तो याच बाजाराचा वंशज आहे. गुजरातने २०२३ साली घोळीला राज्यमासा केलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. मान दिला, छान झालं. भूक मात्र मानाने आवरत नाही.

आपल्या किनाऱ्यावर एकेकाळी शिकाऱ्याला आवरणाऱ्या गोष्टी होत्या, आणि त्या कोणी मुद्दाम घातलेल्या नव्हत्या. शिडाच्या होडीला वारा लागे. सुती जाळी कुजत, ती वाळवावी लागत. बर्फ नव्हता म्हणून लांब जाऊन चार दिवस राहता येत नसे. आणि पावसाळ्यात दर्या बंदच असे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, या रिवाजात श्रद्धा होती आणि खवळलेल्या समुद्राचा अनुभवही होता. सातपाटीचे लोक होड्या बांधण्यात इतके तरबेज की मत्स्यविज्ञानाच्या पुस्तकांत सातपाटी बनावटीची होडी हा वेगळा प्रकार म्हणून नोंदला गेला. स्वातंत्र्यानंतर याच होड्यांवर इंजिनं बसली, मग नायलॉनची जाळी आली, बर्फाचे कारखाने आले, मासे शोधणारी यंत्रं आली. यातली एकही गोष्ट वाईट म्हणता येणार नाही. इंजिनामुळे वादळात माणसं घरी परतली. पण प्रत्येक सुधारणेबरोबर एकेक आपसूक मर्यादा गळून पडली, आणि तिच्या जागी दुसरी घालायचं काम कोणी अंगावर घेतलं नाही.

पालघरचा समुद्र श्रीमंत का, हेही सांगितलं पाहिजे. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आणि त्याच्या दक्षिणेला भारताचा उथळ सागरतळ सर्वांत रुंद आहे. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर तो उतरत उतरत जातो. नद्या आणि खाड्या गाळ व पोषकद्रव्यं आणतात, भरती-ओहोटीचा जोर त्यांना घुसळतो. म्हणून इथे बोंबील आहे, कोळंबी आहे, आणि म्हणूनच पापलेट आहे. मच्छीमार या पट्ट्याला गोल्डन बेल्ट म्हणतात. पापलेटाची पिल्लं याच उथळ, गढूळ, सुरक्षित पाण्यात वाढतात आणि मोठी होऊन खोल पाण्याकडे पसरतात. म्हणजे ज्या पाण्यात ती वाढतात त्याच पाण्यात भरतीच्या तोंडाशी खुंट रोवून लावलेली डोल जाळीही असतात. सातपाटीच्या पद्धतीचं तरतं जाळं मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, असतं, त्यातून लहान मासा निसटतो. डोलीचा शेवटचा भाग बारीक आसाचा असतो; त्यात जवळा आणि बोंबलाबरोबर जे येईल ते येतं.

माशांची नुसती संख्या मोजून भागत नाही. त्यांची वयंही मोजावी लागतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा जास्त अंडी घालते एवढंच नव्हे, तर वजनाच्या प्रमाणाबाहेर जास्त घालते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉड माशाचं उदाहरण आहे: तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी दोन-दोन किलोच्या २८ माद्या मिळूनही घालत नाहीत, आणि त्या २८ जणींचं एकत्र वजन छप्पन किलो भरतं. म्हणून दोन प्रकारचं नुकसान वेगळं ओळखावं लागतं. पिल्लू वाढण्याआधीच पकडलं तर त्याच्या अंगावर चढणारं मांस गेलं. हा तोटा आपला. मोठ्या माद्याच उरल्या नाहीत तर पुढची पिढीच आली नाही. हा तोटा माशाच्या जातीचा. पालघरच्या पापलेटाला दोन्ही बाजूंनी चिमटा बसला आहे. खाली डोल आणि ट्रॉलर पिल्लं उचलतात, आणि वर सगळ्यांत मोठ्या पापलेटाला सगळ्यांत मोठा दर. सातपाटीच्या सहकारी संस्थांमध्ये वजनाप्रमाणे प्रतवारी होते. सुपर म्हणून निवडलेलं निर्यातीला जातं, त्याखाली एक नंबर, दोन नंबर अशी उतरण लागते. त्या उतरणीच्याही खालचं जे असतं, ते बोईसरच्या बाजारात वाट्याने विकलं जातं. तारापूरच्या कारखान्यांत बारा तास उभा राहणारा कामगार रविवारी तळहाताहून लहान पापलेटांचा वाटा घेतो, कारण त्याला तेवढंच परवडतं. मला त्याच्यावर बोट ठेवायचं नाही, आणि वाटा लावून बसलेल्या मावशीवरही नाही. तेच पापलेट आणखी काही महिने पाण्यात राहिलं असतं तर त्याची किंमत कितीतरी पट झाली असती, आणि त्याने अंडी घातली असती. हा तोटा ना कामगाराने केला, ना मावशीने. सर्वांनी मिळून केला, आणि म्हणूनच तो कुणाच्याच वहीत नोंदला जात नाही.

राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचा नाही. ही अधिसूचना योग्य दिशेची आहे, पण ती अपुरी का आहे हे जाळ्याला हात लावलेला कोणीही सांगेल. डोलीत आलेलं पिल्लू बाहेर काढेपर्यंत मेलेलं असतं. पट्टी लावून ते समुद्रात परत टाकलं तर कायदा पाळला जातो, पापलेट वाचत नाही. मासा वाचवायचा तर तो जाळ्यात येण्याआधी वाचवावा लागतो, म्हणजे आस, जागा आणि ऋतू यांवर बंधन हवं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. पूर्वी राज्यातली बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत असे. पालघर-डहाणूच्या मच्छीमार संस्था ती पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत वाढवा असं मागत आल्या आहेत, कारण १ ऑगस्टला जाळ्यात येणारं पापलेट अजून वाढीच्या ऐन भरात असतं. आपल्या धंद्याचे पंधरा दिवस कमी करा, अशी मागणी धंदा करणारेच करत आहेत. दुसऱ्या कुठल्या उद्योगाने असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा: सातपाटीने थांबून काय होणार, दुसरे थांबतात का? आक्षेप खरा आहे. पापलेट पसरतं, त्याला पालघर, वसई, वलसाड यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, त्यापलीकडे केंद्राचा. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. उत्तर पालघरचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात कवींवरून, म्हणजे डोलीचे खुंट रोवण्याच्या जागांवरून, वर्षानुवर्षं भांडण आहे. सामायिक मालमत्तेची नासाडी अटळ असते, असं गॅरेट हार्डिनने १९६८ साली लिहिलं, आणि पुष्कळांनी तो शेवटचा शब्द मानला. एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९० साली तुर्कस्तानातल्या अलान्या गावाचं उदाहरण देऊन त्याला उत्तर दिलं. तिथले मच्छीमार जागा चिठ्ठ्या टाकून वाटत आणि रोज एकेक जागा पुढे सरकत, म्हणून चांगली जागा प्रत्येकाला आळीपाळीने मिळे. नियम त्यांनीच केला होता आणि राखणही तेच करत. मला ऑस्ट्रॉमचं म्हणणं पटतं, कारण आपल्याकडेही कवींचे हक्क गावकीने वाटण्याची रीत होती. ज्या वादाला आज अतिक्रमण म्हणतात, त्याच्या मुळाशी वाटपाची ती जुनी व्यवस्था मोडणं आहे. ती पुन्हा उभी करायला दोन्ही बाजूंच्या संस्थांना एका टेबलावर बसवून कवींचा नकाशा आणि संख्या कायम करावी लागेल. मत्स्यव्यवसाय खात्याने मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे.

इथवर मी शिकाऱ्याबद्दल बोललो. पण फेरहुल्स्टच्या समीकरणात दुसरी संख्याही आहे, धारणक्षमता, आणि बोईसर-तारापूरमध्ये राहणाऱ्या माणसाने तिच्याबद्दल गप्प बसणं बरं नव्हे. तारापूर औद्योगिक वसाहतीतून रासायनिक सांडपाणी नवापूर-दांडीच्या खाडीत आणि समुद्रात सोडलं जातं, याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. मासेमारांची एक जातसंघटना रसायन कारखान्यांच्या पाण्याचा हिशेब मागायला लवादापुढे उभी राहते, ही पालघर तालुक्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे. आजवर वाद असा चालला आहे: कारखानदार म्हणतात, मासळी अतिमासेमारीने घटली; मच्छीमार म्हणतात, प्रदूषणाने. जणू एक खरं ठरलं की दुसरं आपोआप खोटं ठरतं. गणित तसं नाही. एका वर्षात सुरक्षितपणे जास्तीत जास्त किती मासळी काढता येते, हे वाढीचा दर आणि धारणक्षमता या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतं. खाडीचं पाणी विषारी झालं, कांदळवन तुटलं, पिल्लांच्या वाढीची जागा गेली, की धारणक्षमता उतरते. मग बोटी तेवढ्याच, जाळी तेवढीच, पकडही तेवढीच राहिली, तरी कालपर्यंत जी मासेमारी मर्यादेत होती ती आज मर्यादेबाहेर जाते. मच्छीमाराने एकही पाऊल पुढे टाकलं नाही. पायाखालची रेघच मागे सरकली. त्यामुळे प्रदूषणाचा मुद्दा सांगून डोलीचा आस बारीक ठेवता येत नाही, आणि डोलीकडे बोट दाखवून कारखान्याचं पाणी सोडता येत नाही. दोन्हीचं नुकसान एकमेकांना गुणतं.

हाच विचार वाढवण बंदराला लागू करून पाहा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, आणि समुद्रात भराव घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन तयार होणार. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव पुढे आला आहे. बंदरामुळे रोजगार येईल, देशाचा व्यापार वाढेल, हे मुद्दे मी हलक्याने घेत नाही. माझा प्रश्न हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे. भरपाई ठरते ती बाधित होणाऱ्या बोटी आणि कुटुंबं मोजून. जणू नुकसान त्या बोटींपुरतंच आहे. पण उथळ पाण्याचा तुकडा गेला तर त्या तुकड्यात वाढून पुढे वसईला, उत्तनला, गुजरातेत पकडली जाणारी मासळीही जाते. तिच्यावर पोट असलेला माणूस कुठल्याच यादीत नाही. एका गावाची मासळी दुसऱ्या गावाच्या पाण्यात वाढते, हे पसरण्याचं शास्त्र भरपाईच्या कागदांत शिरलेलं नाही.

समुद्र एवढा अथांग, त्यातली मासळी आपण काय संपवणार, असा एक दिलासा अजूनही ऐकू येतो. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्सलीसारख्या थोर जीवशास्त्रज्ञाने मोठ्या सागरी मासेमाऱ्या न संपणाऱ्या आहेत असंच म्हटलं होतं, आणि कॉडचं नाव घेतलं होतं. १९९२च्या जुलैमध्ये कॅनडाला न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद करावी लागली, हजारो लोक एका दिवसात बेकार झाले, आणि बंदी पुरती उठायला तीन दशकं गेली. कॉड सावकाश वयात येतो. पापलेट त्या मानाने झपाट्याने वाढतं आणि लवकर अंडी घालतं, म्हणजे त्याचा वाढीचा दर मोठा आहे. सावरायला कॉडला दशकं लागत असली, तरी पापलेटाला काही हंगाम पुरू शकतील. माझी आशा या जीवशास्त्रावर टिकून आहे. पण दर मोठा असला तरी त्याला काही महिने तरी मोकळे मिळायला हवेत.

म्हणून १ ते १५ ऑगस्टच्या त्या पंधरा दिवसांवर मी अडून बसेन. त्यांचा खर्च कोणावर पडतो हे आधी बघितलं पाहिजे. बोटमालक तो थोडाफार झेलू शकेल. बोटीवरचा खलाशी बहुधा डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांतून आलेला असतो, हंगामाची उचल आधी घेऊन. त्याचे पंधरा दिवस गेले तर त्याच्या घरची चूल अडते. बंदी वाढवायची आणि त्याला वाऱ्यावर सोडायचं, तर ती बंदी पहिल्याच वर्षी मोडेल, आणि मोडावीही. या किनाऱ्याला ७६ हजार कोटींचं बंदर परवडत असेल, तर त्याच किनाऱ्यावरच्या खलाशांची पंधरा दिवसांची मजुरी त्या प्रकल्पाच्या पर्यावरण खर्चात घालणं परवडलंच पाहिजे, आणि ती रक्कम बोटमालकाच्या हातून न जाता थेट खलाशाच्या खात्यात जायला हवी. सातपाटीच्या संस्थांनी आपल्याकडून एक गोष्ट आजपासून करावी: प्रतवारीच्या खालच्या टोकाला रेघ मारावी, आणि तिच्या खालचं पापलेट कुठल्याही भावाने तोलून घेऊ नये.